सतरा ब

हडर्सफील्डच्या उतारावर, पाण्याच्या टाकीमागे,
चार वर्षं यादीत थांबून मिळालेला तुकडा:
दहा पावलं रुंद, तीस पावलं लांब,
वर्षाचं भाडं दोघांच्या बाहेरच्या एका जेवणाएवढं.

शेजारच्या सतरा अ मध्ये रॉय हेपवर्थ,
गिरणीत लोकर रंगवण्यात हयात गेलेला.
त्याचे लीक सुतळीला धरून उभे,
शाळेच्या कवायतीला उभे असल्यासारखे.
माझ्याकडे सगळं ऐसपैस:
मेथी, जी इथल्या लांबलचक उजेडात
पंधरा दिवसांत फुलावर येऊन मोकळी होते,
नवलकोल, ज्याची चव गोगलगायींना माझ्याआधी कळते,
आणि बटाटे, जे काहीही न विचारता येतात.

जूनमध्ये समितीचं पत्र आलं.
अत्यंत सभ्य. तणाचा बंदोबस्त
अठ्ठावीस दिवसांत करावा, ही विनंती.
पत्राची घडी खिशात घातली
आणि वाफ्यापाशी उकिडवी बसले.
तण म्हणजे नेमकं कोण, ते तरी बघू.

कोवळ्या पानांवर पिठासारखी भुकटी,
कडा दातेरी,
देठाच्या बेचक्यात जांभळा ठिपका.
एक पान चुरगळलं, नाकाशी नेलं
आणि एकटीच हसत सुटले,
इतकी, की रॉयने सुतळी सोडून मान वर केली.

चाकवत.

लेस्टरहून टपालाने मागवलेलं बियाणं रुसलेलं,
आणि हा, न पेरता, न बोलावता, कमरेएवढा.
तेवीस वर्षं मी या देशातल्या भाजीवाल्यांना विचारत होते,
आणि तीन उन्हाळे याच हातांनी
उपटून कंपोस्टात टाकत होते.

याला फॅट हेन म्हणतात, रॉय म्हणाला.
जाडी कोंबडी, मी मनातल्या मनात मराठी केलं.
आई कोंबड्यांना घालायची.
मग सुतळीचा गुंडा फिरवत बराच वेळ गप्प.
एका वर्षी आम्हालाही घातला.
पण ते तिने बाहेर कुणाला सांगू दिलं नाही.

त्या रात्री बॉयलरच्या कपाटात विरजण लावलं,
हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजत घातले.
सकाळी पातेलं दोन उकळ्या येताच उतरवून
नवऱ्याच्या जुन्या पफर जॅकेटात गुंडाळलं,
बाह्यांची गाठ मारली.
गॅस बंद, डाळ आपली आपण शिजते.
वीणा फोनवर म्हणाली, आई, हे अगदी लोकल फूड.
लोकल कसलं गं?
पाला सतरा बचा, दूध टेकडीपलीकडचं,
डाळ कॅनडाची, शेंगदाणे अर्जेंटिनाचे,
हिंग कुठला ते डबीलाही ठाऊक नाही.
तरी फोडणी बसली तेव्हा
गल्लीतलं मांजर दारात येऊन उभं राहिलं.

डबा घेऊन गेले. रॉयने शेडमधला चमचा
पँटला पुसला. एक घास. दुसरा.
ताकाचा आंबटपणा त्याच्या भुवईपर्यंत चढलेला दिसला.
वाईट नाही, तो म्हणाला.
यॉर्कशरमध्ये हे मानपत्र असतं,
हे कळायला मला अकरा वर्षं लागली होती.
डब्याच्या तळाशी मात्र त्याने एक मिरची
अगदी नीट, कडेला, ठेवून दिली.

पुढच्या शनिवारी माझ्या फाटकाशी बादली.
मुळांची माती झटकलेला चाकवत,
लीकच्या सुतळीनेच जुड्या बांधलेला.
सतरा अ मध्ये तणाचं नाव नाही.

समितीचं पत्र मी फाडून कंपोस्टात मिसळलं.
कागद चांगला कुजतो, फक्त ओला करावा लागतो.
शेडमागचं एक झाड मात्र बियांसाठी राखलंय.
अठ्ठावीस दिवस संपायला आता नऊ उरलेत,
आणि बी अजून हिरवंच आहे.